उजव्या हाताची कैची

आमच्या घरच्या टीव्हीवर आजवर किती माणसांनी संकटावर मात केली, याला गणती नाही. कुणाचा पाय जातो, कुणाची नजर जाते, कुणाला घरचे हाकलून देतात. मग एक गाणं लागतं. त्या गाण्यात माणूस पडतो, उठतो, घाम पुसतो, डोंगर चढतो, आणि गाणं संपेपर्यंत तयार! चार मिनिटांत. आमचे हे अशा वेळी चष्मा काढून डोळे टिपतात आणि वहीत लिहून घेतात. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत 'बोध' असं लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा. या माणसाने वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं मशीन दुरुस्त केल्या. माल खराब निघाला तर कामगाराला शिव्या देण्याआधी मशीन उघडून बघावी, एवढं त्यांना कळतं. पण टीव्हीसमोर बसले की ती अक्कल कंपनीच्या गेटवरच राहते.

मी शिवणकाम करते. सिडकोतल्या घराची पुढची खोली हे माझं दुकान. दोन वर्षांपूर्वी रिक्षातून उतरताना पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण अंगठ्यातली पकड गेली. डॉक्टर म्हणाले, चमचा धराल, जड कैची विसरा. शिलाई कुणाकडूनही करून घेता येते, पण बायका ब्लाउज टाकतात ते कटिंग करणारीच्या भरवशावर. कटिंग सुटलं की दुकान सुटलं. पुढच्या खोलीत मग सोफा येणार होता. जाऊबाईंनी तो पसंतसुद्धा करून ठेवला होता.

म्हणून मी डाव्या हाताने कापायचं ठरवलं. झालं, यांना अंगात वारं शिरल्यासारखं झालं. वाचनालयातून जाडजूड कादंबऱ्या यायला लागल्या. एका कादंबरीत चित्रकाराचा हात जातो. तो एका प्रकरणात रडतो, आणि पुढच्या प्रकरणात डाव्या हाताने काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन! मधले दिवस कुठं गेले? बटणं कोण लावत होतं, वेणी राहू दे, निदान भात कोण कालवून देत होतं, याचा एका ओळीतही पत्ता नाही. लिहिणाऱ्याने बहुधा कधी हातरुमालसुद्धा शिवलेला नसावा.

मग एक सिनेमा आला. त्यात धावणारा एक मुलगा बापाचे फाटके बूट काही केल्या बदलत नाही आणि त्याच बुटांत जिंकतो. यांनी वहीत लिहिलं, 'आपलं हत्यार सोडू नये.' नेमका हाच मूर्खपणा मला पटला.

कारण आम्हा शिवणाऱ्यांत एक रीत असते. कटिंगची कैची ज्याची त्याचीच. ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, दुसऱ्याची आपण उचलायची नाही, तिने कागद कापायचा नाही. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी तिला कामाला लावायचं नाही. माझी कैची बावीस वर्षं माझ्या हातात होती. ती बदलायचा विचारसुद्धा मला पाप वाटला असता. तीच मी डाव्या हातात धरली.

चार महिने गेले. डाव्या हाताने मी भाकरी थापायला शिकले, सही करायला शिकले. कैची मात्र ऐकेना. कपडा कापला जायचाच नाही, दोन पात्यांत दुमडून अडकायचा, आणि कापला गेलाच तर कडा उंदराने कुरतडल्यासारखी. मी चिंध्यांवर सराव केला, अंगठा सोलवटला, घरच्या सगळ्या जुन्या चादरी संपवल्या. शेवटी हिंमत करून एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज घेतला. साडीतलाच पीस होता, म्हणजे दुसरा मिळायची सोय नाही. बाहीच्या मुंढ्यापाशी कैचीने कपडा चावला. त्या बाई भल्या होत्या. पीस उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "राहू द्या ताई. आता आराम करा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी हे वही मिटून म्हणाले, "अगं, तुझी जिद्दच कमी पडतेय." आणि मला ते खरं वाटलं.

खरं वाटायला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी मी मुलींना शिवणक्लासमध्ये शिकवत होते, तेव्हा हेच वाक्य मी एकीला ऐकवलं होतं. सिल्लोडकडची मुलगी, मावशीकडे राहायची, डावखुरी. तिच्या हातून कपडा नेहमी चावलेला निघायचा. मी तिला सगळ्यांदेखत सिनेमातल्या आंधळ्या गवयाची गोष्ट सांगितली. मग तिचा डावा हात तिच्याच ओढणीने बांधला आणि म्हटलं, आता काप उजव्याने. तिसऱ्या आठवड्यात तिने यायचं बंद केलं. "जिद्द नसली की असंच होतं," असं मी बाकीच्या मुलींना सांगितलं. माझ्याकडे वही नव्हती, एवढाच काय तो फरक.

त्या ब्लाउजनंतर एकदा वाटलं, धार गेली असेल. कैची घेऊन गुलमंडीच्या बाजारात गेले. तिथं एक म्हातारे चाचा दगड फिरवत बसतात, वर्षानुवर्षं धार त्यांच्याकडूनच. त्यांनी धार लावली, एक चिंधी पुढं केली आणि म्हणाले, "देखो काट के." मी डाव्या हातात कैची धरली. चिंधी दुमडली.

चाचांनी कपाळाला हात लावला. "बेटी, ये सीधे हात की कैंची है. उल्टे हात में पकड़े तो पत्तियाँ एक दूसरे से दूर भागती. कपड़ा नहीं कटता."

मग त्यांनी हळूहळू दाखवलं. कैची दाबताना अंगठा नकळत बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात. उजव्या हातात त्याच जोराने पाती एकमेकांना घट्ट भिडतात. डाव्या हातात तोच जोर त्यांना फाकवतो. डाव्या हाताची कैची वेगळी असते, आरशात बघितल्यासारखी उलटी. मी विचारलं, "चाचा, खूप जिद्द धरली तरी नाही का हो कापणार?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही माझ्या डोक्यालाही मार लागला होता.

दोन आठवड्यांनी त्यांनी उलटी कैची मागवून दिली. तिथंच उभ्या उभ्या मी चिंधीत चालवली आणि ती सरळ गेली. एकदम सरळ. मला इतका आनंद झाला की बाजारात रडू आलं. आणि लगेच असा संताप आला की हातातल्या कैचीचं भान राहिलं नाही. चार महिने मी स्वतःला नालायक समजत होते, आणि दोष एका स्क्रूने जोडलेल्या दोन लोखंडी पात्यांचा होता. शेकडो सिनेमे, ढीगभर कादंबऱ्या, एकातही कुणी हत्यार तपासून बघत नाही. सगळे फक्त दात आवळतात.

सोफा आला नाही. यांनी वहीत 'जिद्दीचा विजय' असं लिहिलं. मी कागदाची रीत मोडून ते पान त्यांच्यासमोर नव्या कैचीने कापलं, सरळ रेषेत.

पण ती मुलगी डोक्यातून जाईना. तिच्या मावशीला विचारून पत्ता मिळवला आणि एका रविवारी बसने सिल्लोडला गेले. पिशवीत आणखी एक उलटी कैची होती. ती मुलगी आता संसारी बाई झालेली, लोकांच्या साड्यांना फॉल लावून देते. मला बघून गडबडीने उठली, पदर सावरला. "ताई, तुम्ही? इथं कशाला तरास घेतला?"

माफी मागायची मनात जुळवाजुळव करून गेले होते, ती सगळी विसरले. नुसती कैची पुढं केली, म्हटलं, "डाव्या हाताने काप." तिने पायाशी पडलेली चिंधी उचलली. पाती सरसर गेली. तिने कापलेली कडा बोटावर फिरवून बघितली, पुन्हा पुन्हा बघितली.

"म्हंजी माझं चुकत नव्हतं व्हय?" ती म्हणाली. "लई वर्सं मला वाटलं, माझ्यातच खोट हाय."

"तुझ्यात नव्हती," मी म्हटलं. "माझ्यात होती."

ती आतल्या दाराकडे बघत होती. तिथं तिची चार-पाच वर्षांची लेक ताट घेऊन जेवायला बसलेली, उजव्या हाताने भात सांडत. डावा हात फॉलच्या पट्टीने कमरेशी बांधलेला.

"ती बी डावरीच हाय," आई हळूच म्हणाली. "तुम्ही केलं होतं ना, तसंच करते मी. वळण लागावं म्हणून."

मी पोरीजवळ जाऊन बसले आणि गाठ सोडायला लागले. गाठ पक्की होती, माझ्या उजव्या अंगठ्यात जोर नाही, सुटेना. आई मागून आली. नवी कैची तिच्या डाव्या हातातच होती. तिने पट्टी कापली आणि ताट लेकीच्या डाव्या हाताकडे सरकवलं.