मुका माज

माझ्या नातवंडांनो,

मागे फोनवर तुम्ही विचारलंत, की आजी, तू इंग्रजी घेऊन बी.ए. झालीस, मग गाई भरवायचं काम तुला कोणी शिकवलं? तेव्हा मी विषय बदलला. आता सांगते, कारण माझ्या डाव्या हाताला कंप सुटला आहे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, पण हा हात पूर्वीसारखा होणार नाही हे मला कळतं. ते काम सगळं या हाताला येत होतं, डोक्याला त्यातलं थोडंच ठाऊक होतं. हात विसरायच्या आत लिहून ठेवते.

ते लागोपाठ दुसऱ्या दुष्काळाचं वर्ष होतं. आपल्या गोठ्यात एक बैलजोडी आणि एक लाल कंधारी गाय एवढंच उरलं होतं. दोन म्हशी तुमच्या आजोबांनी उन्हाळ्यात बाजारात नेल्या. जनावर विकलं तरी त्याचं दावं आपण देत नाही, घेणारा आपलं दावं घेऊन येतो. त्यामुळे म्हशी गेल्या आणि त्यांची दावी गोठ्याच्या भिंतीवर खुंटीला राहिली. माझ्या सासूबाई रोज सकाळी गोठा झाडायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. म्हशी जिथं उभ्या राहायच्या तिथं आल्या की त्या सवयीनं म्हणायच्या, "सर तिकडं." मग क्षणभर थांबायच्या आणि पुढं झाडायला लागायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना आठवत नाही. पण एक दिवस शेणाची पाटी घेऊन जाताना मीच त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेले. 

ती लाल गाय माझ्या सासऱ्यांनी वासरू असताना आणली होती. तिच्या पोटच्या कालवडी आधीच्या वर्षी चाऱ्यापायी गेल्या. आता ती एकटी होती आणि भाकड होती. तुमचे आजोबा म्हणाले, दसऱ्यापर्यंत गाभण राहिली तर राहू दे, नाहीतर तिलाही बाजार दाखवावा लागेल. ते निष्ठुर नव्हते. कडब्याची गंजी बैलांनाच पुरेल की नाही, हे ते रोज उभे राहून बघायचे.

गावात वळू राहिला नव्हता. दूध संस्थेत कृत्रिम रेतनाची सोय होती. वळूचं वीर्य बारीक कांड्यांत भरून, धूर निघणाऱ्या अतिथंड भांड्यात ठेवलेलं असायचं, आणि संस्थेचा माणूस मोटारसायकलवर येऊन गाई भरवायचा, म्हणजे ते वीर्य त्यांच्या गर्भाशयात सोडायचा. पण संस्थेत दूध येईना, तसं त्याचं येणंही बंद झालं. भांडं तेवढं कोपऱ्यात उरलं. तालुक्याच्या संघानं कळवलं, की भांडं आम्ही भरून देऊ आणि प्रत्येक गावातून एकाला हे काम शिकवू. पुरुष चारा-पाण्याच्या मागे हिंडत होते, आणि शिकवणीची माहिती इंग्रजीत छापून आली होती. आजोबा संस्थेचे संचालक होते. त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि हसत म्हणाले, "घ्या, तुमच्या बी.ए.चा उपयोग झाला."

शिकवणी गेवराईच्या बाजूला एका शेडमध्ये होती. मी एकटीच बाई. पहिल्याच दिवशी डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढाव्या लागल्या, कारण तोच हात गाईच्या गुदद्वारातून आत घालायचा असतो. आतून तो हात गर्भाशयाचं तोंड धरतो आणि उजवा हात खालून कांडी बसवलेली नळी पुढं सरकवतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून जिवंत जनावराला हात लावण्याआधी आम्हाला मेलेल्यांवर शिकवलं. पत्र्याच्या ताटांत म्हशींची गर्भाशयं मांडली होती, पाण्यानं धुतलेली, फिकट गुलाबी. वरून फडकं टाकलेलं. त्याखाली हात घालून ओळखायचं, की हे तोंड, ही डावी शिंगी, म्हणजे गर्भाशयाचा डावा फाटा, ही उजवी. माज असतो तेव्हा शिंग्या ताठ कशा लागतात, तेही शिकवणाऱ्यांनी तोंडी सांगितलं. मग एका ताटापुढं मला उभं करून ते म्हणाले, "हे बघा, बाई. ही गाभण होती."

फडक्याखाली एका बाजूला मोसंबीएवढा फुगवटा होता. दाबला की आतलं पाणी बोटांखालून सरकायचं. मी विचारलं, एवढी गर्भाशयं कुठून मिळतात?

ते बेसिनवर हात धूत होते. म्हणाले, "टंचाई पाण्याची हाय, बाई. कत्तलखान्यात याची न्हाई."

आपल्या दोन म्हशींपैकी धाकटी विकण्याआधी भरवलेली होती. ती उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, असं समजून आजोबांनी नेली. कोणी हात घालून पाहिलं नव्हतं, तेव्हा घरात ते कोणाला येतच नव्हतं. त्या ताटातलं कोणत्या म्हशीचं, हे कळायला मार्ग नाही. मी घरी हा विषय कधीच काढला नाही. पण ते पाण्याचं सरकणं माझ्या बोटांत राहिलं. पीठ मळताना, पोरांची डोकी न्हाऊ घालताना मध्येच ते बोटांखाली यायचं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी माझं मोकळं मनगट पाहिलं. नवरा जिवंत असताना हात मोकळा ठेवत नाहीत. त्या आत गेल्या. हळदीत बुडवलेला दोरा आणून मनगटाला बांधला आणि उठून गेल्या.

पोळ्याच्या दिवशी पहाटे गाईनं सोट टाकला. माजावर आलेल्या गाईच्या योनीतून काचेसारखा चिकट स्राव लोंबतो, त्याला सोट म्हणतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, हा नियम आम्हाला घोकून घेतला होता. पाऊस नव्हताच, त्यामुळे आजोबा बैलांना ओल्या फडक्यानं पुसून घेत होते. मी संस्थेची किल्ली मागितली. आत्याबाईंनी मला अडवलं.

"आज जनावराला कुणी काठीबी लावत न्हाई, अन् तू हात घालतीस व्हय?"

मी म्हटलं, उद्या उशीर होईल. त्या म्हणाल्या, "कावून घाई करतीस? गाय कुठं पळून चालली? आज त्यांचा सण हाय." आजोबांनीही मान डोलावली. उद्या सकाळी, म्हणाले.

सकाळी मी हात घातला. आतलं सगळं सैल होतं, वेळ गेली होती. मी कांडी भांड्यातून काढलीच नाही. आजोबा गोठ्याच्या दाराशी उभे होते. त्यांना सांगितलं, तर ते इतकंच म्हणाले, की दसऱ्याला अजून अवकाश आहे. आत्याबाई गाईच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

पुढचा माज तीन आठवड्यांनी यायला हवा होता. तो चुकला असता तर नंतरचा दसऱ्यापुढे गेला असता. दिवस भरत आले तशी मी गाईकडे सारखी बघायला लागले. ती हंबरत नव्हती, सोट नव्हता, बैलांकडे वळून बघत नव्हती. खाणं कमी असलं, अंगात काही उरलं नसलं, की गाय माजावर येऊनही तसं दाखवत नाही. त्याला मुका माज म्हणतात. ती नुसती म्हशींच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभी राहायची. शेवटी मी ठरवलं, की रोज सकाळी हात घालून पाहायचं. दोन-तीन दिवस काही लागलं नाही. मग एका सकाळी शिंग्या ताठ लागल्या, शिकवणीत सांगितलं होतं तशाच. बाहेरून गाय अगदी गप्प होती.

पण तो पितृपक्ष होता. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणतंही नवं काम सुरू करत नाहीत. ते दिवस मेलेल्या माणसांचे असतात. त्याच दिवशी माझ्या सासऱ्यांच्या श्राद्धाचं पान होतं. आत्याबाई चुलीपुढं बसून भाजी चिरत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सांगितलं, गाय आज माजावर आहे. किल्ली मागण्याआधी त्यांना विचारायचं मी ठरवलं होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

त्यांनी हातातली भाजी चिरून संपवली. मग म्हणाल्या, "ती गाय त्यांचीच हाय. त्यांच्याच दिवसात मागतीया. आता ठेवायची का न्यायची, ते त्यांनी बघावं." आणि विळी बाजूला सारून उठल्या.

कांडी कोमट पाण्यात धरायची असते. टँकरच्या पाण्यातलं एक तांब्याभर त्यांनीच चुलीवर टेकवून दिलं. मी हातमोजा चढवला. आत्याबाईंनी गाईचं तोंड धरलं. गाय आडवी उभी होती आणि सारखी मागं रेटत होती. माझ्या हाताला गर्भाशयाचं तोंड सापडत होतं आणि निसटत होतं. माझा खांदा भरून आला. तेवढ्यात आत्याबाई गाईच्या डोक्यावरून पलीकडे बघत, नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, "सर तिकडं. तिला जागा दे."

गाय दोन पावलं त्या रिकाम्या बाजूला सरकली आणि स्थिर उभी राहिली. जणू तिथलं कोणीतरी बाजूला झालं होतं. नळी एका दमात आत गेली. मी हात काढला तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मी इंग्रजी शिकलेली बाई, आणि मला तो आवाज गाईला उद्देशून होता असं आजही म्हणवत नाही.

दसरा आला, वर चार दिवसही गेले. गाय उलटली नव्हती, पण मुका माज असणाऱ्या गाईचं उलटणं दिसणार कसं? आजोबांना मी स्पष्ट सांगितलं, की हाताला कळायला अजून वेळ लागेल, दिवाळीनंतरपर्यंत थांबा. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला निघून गेली होती, दारांना कुलपं होती. आजोबांनी बैलांच्या कडब्यातून पेंढ्या मोजायचं सोडून दिलं आणि गाईपुढंही टाकायला लागले. 

दिवाळीनंतर एका दुपारी मी पुन्हा हात घातला. एका बाजूला मोसंबीएवढा फुगवटा होता. दाबल्यावर पाणी बोटांखालून सरकलं. नेमकं तेच, ताटातलं, फडक्याखालचं. फक्त या वेळी सभोवती ऊब होती आणि गाय रवंथ करत होती. मी तिथंच, हात आत असतानाच, रडले. तुमचे आजोबा घाबरून धावत आले. त्यांना वाटलं, गाय गेली. मी म्हटलं, अहो, राहिली आहे. ते खाली बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आषाढात कालवड झाली, आईसारखीच लाल. पुढे मी गावातल्या पुष्कळ गाई भरवल्या, पण कोणतीही गाभण तपासताना आधी ते ताट आठवायचं आणि मग समोरची गाय. आजही आठवतं. आत्याबाई गेल्या, तुमचे आजोबा गेले, दूध संस्थेच्या शेडमध्ये आता सिमेंटच्या गोण्या असतात.

त्या गाईच्या वंशातल्या तीन लाल गाई गोठ्यात आहेत. थोरली पाच महिन्यांची गाभण आहे.