राबाचा धूर

वडिवळ्याच्या वरच्या कोळवाडीत लोक म्हणत, शिदूने खाकीपायी भाऊ घालवला. कोणी म्हणे, तसे असते तर निदान खाकी तरी उरली असती. ह्याचे दोन्ही गेले. वाडीतला म्हातारा केरबा तर तोंडावर म्हणे, "सायबाम्होरं खरं बोलणारा वाडीतला ह्यो पयलाच. आन् शेवटचा."

डोंगराच्या पायथ्याशी सरकारी कारखाना होता. शिदू तिथे चौकीदार होता. पुढे पहारा केंद्र सरकारच्या नव्या सुरक्षा दलाकडे गेला, तेव्हा उंची आणि छाती भरली म्हणून त्यालाही दलात घेतले. पितळी बिल्ल्याचा पट्टा लावून तो प्रथम वाडीत आला, त्या दिवशी थोरल्या भावाने, गेणूने, त्याला घरोघर फिरवले होते.

बांगलादेशाची लढाई संपून चारच महिने झाले होते. घातपाताची धास्ती अजून गेली नव्हती. वैशाखातल्या एका सकाळी मागच्या मनोऱ्यावर उभ्या असलेल्या शिदूला कुंपणापलीकडे धूर दिसला. ते रान गेणूचे. भाताचे रोप टाकण्याआधी टहाळ, पालापाचोळा, शेण रचून जमीन भाजायची, हा मावळातला राब. गेणूने तो वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवला होता, जसा पेटवावा तसा. ते पाहून शिदूला बरेच वाटले. शिट्टी वाजवण्याचे मनातही आले नाही.

मग वारा फिरला. वाळल्या गवतातून आग कुंपणाखालून आत शिरली आणि खोक्यांचे लाकूड ठेवायची शेड पेटली. शिदूची शिट्टी वाजली तोवर छप्पर खाली आले होते. माणूस दगावला नाही; पण संध्याकाळी गेणूला वाडीतून उचलून नेले.

पाहणारा शिदू एकटाच. गेणू सुटणार की अडकणार, हे त्याच्याच जबानीवर होते. सोबतचे शिपाई म्हणाले, लक्ष नव्हते म्हणून सांग, थोडीफार शिक्षा होईल, मिटेल. शिदूला ते पटेना. राब होता एवढे कळले की चौकशीला आलेले साहेब गेणूला सोडतील, अशी त्याची खात्री होती. मावळात पोरालाही राब सांगावा लागत नाही.

साहेब दूर उत्तरेकडच्या गव्हाच्या मुलखातले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्हारा भाई हर साल आग लगाता है?"

"हां साब. हर साल."

"और तुम देखते हो?"

"हां साब."

साहेबांनी मान हलवली. त्यांना सारे उमगले, असे शिदूला वाटले. दोघा भावांचे संगनमत, असे कागदावर गेले.

शिदूची नोकरी गेली. गेणूवरचा घातपाताचा खटला टिकला नाही, पण तो सुटून आला तेव्हा पावसाळा सरला होता. खाचरे लावणीवाचून पडली होती आणि त्याच्या छातीत खोकला घर करून बसला होता. माघात तो गेला. शिदूने खांदा द्यायला हात पुढे केला, तेव्हा लोकांनी त्याला बाजूला सारले.

गेणूची बायको चिमाबाई त्याच्याशी बोलत राहिली, तीच एकटी. वर्ष उलटल्यावर एकदा भाकरी वाढताना तिने न रागावता विचारले, "भावजी, तवा काय बगितलं न्हाई म्हनला असता तर?"

शिदूने भाकरी मोडली. मग म्हणाला, "काय बी म्हनलो असतो तरी त्याला आत ठिवलाच असता, वैनी. त्यांना कुणीतरी पायजेल व्हता, आन् तितं आमी दोगंच व्हतो."