बुडबुड्यातलं औषध आणि रोह्याची नोकरी

नव्वदीच्या दशकात कॅन्सरच्या पेशींना उजेडाने मारणारी माणसं पेणमध्ये किती होती? एक. मी!

मुंबईच्या संशोधनाच्या लॅबमधून दोन दिवसांसाठी घरी आले, तर रोह्याचा मामा आधीच येऊन बसलेला. तिथल्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्याने माझी नोकरी ठरवलीसुद्धा होती. सोमवारपासून पहिली शिफ्ट. आमच्या गणपतीच्या कारखान्यात बाबा मूर्तीचे डोळे आखत होते. मान वर न करता म्हणाले, "तू तिकडे करतेस काय ते समजव. समजलं तर मुंबई, नाय तर रोहा."

मी ओढणी कमरेला बांधली आणि गणपतींच्या दोन रांगांमध्ये उभी राहिले. "आमचं औषध काळोखात एकदम गरीब. लाल उजेड पडला की पेशीचा जीव घेतं. पण पाण्यात विरघळत नाही, गोळा होऊन बसतं. म्हणून चरबीचे बारीक बुडबुडे करायचे, डोळ्यांना न दिसणारे, आणि औषध त्यांच्या भिंतीत बसवायचं. ते बुडबुडे औषध रक्तातून कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचवतात."

"चरबी कसली गो?" मामाने विचारलं.

"अंड्याच्या बलकातली."

श्रावण चालू होता. आईने असं पाहिलं, जणू मी ऑम्लेटची बशीच घेऊन आत शिरले होते. "आधी बाहेर हो!" उरलेलं व्याख्यान मी उंबऱ्याबाहेरून, दुप्पट आवाजात दिलं. एका ताटलीतल्या पेशी झाकलेल्या, दुसरीवर दिवा. औषध दोन्हीकडे. झाकलेल्या जगल्या, उजेडातल्या मेल्या!

"ताटलीतच ना?" मामा हसला.

बाबा हसले नाहीत. कुंचला खाली ठेवून म्हणाले, "औषध बाकीच्या अंगात उरलं, आणि माणूस उन्हात गेला तर?"

आमची अख्खी लॅब याच प्रश्नाशी झगडत होती.

"कातडी भाजते, बाबा. काही दिवस उन्हापासून जपावं लागतं. औषध गाठीत जास्त आणि इतर अंगात कमी जावं, त्यासाठीच तर बुडबुडे. ते अजून नीट जमलेलं नाही."

"म्हणजे काम अर्धं हाय."

"व्हय."

बाबा मामाकडे वळले. "कंपनीला सांग, पोरगी येत नाय. एक डोळा आपण आखून दुसरा कुणाच्या हाती देतात काय?"

मामा चहा न घेताच रोह्याच्या एसटीला गेला. संध्याकाळपर्यंत बाबांनी तीन गिऱ्हाइकांना मूर्ती दाखवायच्या आधी माझं संशोधन समजावलं, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा सोपं करून. तिसऱ्याने विचारलं, "मग कॅन्सर बरा होतो?"

"अजून नाय," बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "माझी मुलगी बघतेय ते."