खुर्ची घरून आणायची

माझी आत्या खुर्च्यांच्या बैठका विणते, पण ती स्वतः खुर्चीवर बसलेली वर्षातून एकदाच दिसते. एरवी ती उंबऱ्यावर टेकते, उठते, बादलीत भिजत घातलेला वेत चाचपते, पुन्हा टेकते. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं माझे वडील म्हणायचे. वडील गेले, भिंगरी काही थांबली नाही.

वर्षातला तो एक दिवस म्हणजे बाईंचा दिवस. बाई नाल्यापलीकडच्या आमच्या वस्तीतल्या शाळेत शिकवायच्या. त्या काळी दाखल्यांच्या कचेरीत लाकडी बाकं होती, पण आमच्यातलं कुणी बाकावर टेकलं की त्याचा नंबरच पुकारला जात नसे. तशी पाटी कुठेही नव्हती. उभं राहायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका सोमवारी बाई घरून खुर्ची घेऊन गेल्या आणि खिडकीसमोर मांडून बसल्या. कारकून ओरडला तेव्हा म्हणाल्या, “बाक तुमचा असेल, खुर्ची माझी आहे.” पुढच्या सोमवारी चार खुर्च्या झाल्या, त्याच्या पुढच्या सोमवारी एकोणीस. त्यातली एक आजोबांची होती, आणि ती डोक्यावर घेऊन गेलेली अठरा वर्षांची पोर म्हणजे आत्या. अकराव्या सोमवारी आमच्या वस्तीतली एक म्हातारी बाकावर बसली आणि तिचा नंबर पुकारला गेला.

बाईंना जाऊन यंदा पंचवीस वर्षं झाली. दरवर्षी त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या अंगणात लोक जमतात, आणि प्रत्येक जण आपली खुर्ची घरून आणतो. हाच काय तो नियम. गोल करून बसायचं, कुणीतरी आपला सोमवार सांगायचा, बाकीच्यांनी मध्ये मध्ये त्याच्या चुका काढायच्या. त्याआधीचा आठवडा आत्याचा असतो. फाटक्या, झोळ पडलेल्या बैठका दारात येऊन पडतात. घरात शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागतं.

यंदा बुधवार उजाडला तरी दारात तीनच खुर्च्या होत्या.

आत्यानं त्या तिन्ही सकाळीच विणून टाकल्या. मग एक उसवली आणि पुन्हा विणली.

दुपारी माझा मोठा भाऊ आला. बाईंच्या दिवसाच्या समितीचा कारभार यंदा त्याच्याकडे आहे.

“या, अध्यक्ष,” आत्या म्हणाली.

“आत्या, टोमणे नकोत. मंडप ठरवलाय, व्यासपीठ आहे, दोनशे खुर्च्या येतायत. पांढऱ्या कव्हरच्या. कुणाला काही उचलायला नको.”

“उचलायला नको म्हणून कुणी तक्रार केली होती?”

“नगरसेवक येणार आहेत. गल्लीला बाईंचं नाव द्यायचा अर्ज चार वर्षं पडून आहे. त्यांच्यासमोर काय मोडकी स्टुलं मांडायची?”

“नाकापेक्षा मोती जड झाला रे तुझा.”

“पाटी लागली ना, की तूच फोटो काढून घेशील तिच्याखाली.”

आत्यानं वेत उचकटायचा टोच्या उचलला आणि सकाळी विणलेली बैठक त्याच्यासमोर पुन्हा उसवायला घेतली. दादाला ते बोलण्यापेक्षा जड गेलं असावं. चहा न घेताच तो गेला.

त्या रात्री आत्या नीट जेवली नाही. मला म्हणाली, “यंदा नाही आणली तर पुढच्या वर्षी कोण आणेल? हाताची सवय सुटायला एक वर्ष पुरतं.”

गुरुवारी सकाळी ती हातगाडी घेऊन बाहेर पडली. मी मागून ढकलत होते. दारोदारी एकच वाक्य, “खुर्ची द्या, बैठक बघून देते.”

“अहो, यंदा तर नकोत म्हणाले!”

“कार्यक्रमाचं कोण बोलतंय? बैठक सैल झालीय, उद्या पडाल. मग म्हणाल आत्यानं सांगितलं नाही.”

लोक हसत हसत खुर्च्या काढून देत होते. कुठे माळ्यावरून, कुठे कपड्यांच्या ढिगाखालून. इस्त्रीवाल्या काकूंनी दुकानातली एकुलती एक खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “तीन दिवस मी काय तुझ्या डोक्यावर बसू?” शनिवार संध्याकाळपर्यंत सत्तावीस बैठका झाल्या. आत्याच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. लोक न्यायला आले की ती म्हणे, “अजून ओल्या आहेत. उद्या शाळेच्या फाटकाशी मिळतील. पाच वाजता.”

तिचा डाव मला तेव्हा कळला.

रविवारी पाचला फाटकाच्या आत भिंतीला लागून सत्तावीस खुर्च्या उभ्या होत्या, शेजारी आजोबांची. पलीकडे मंडप, पांढऱ्या कव्हरांच्या सरळ रांगा. लोक येत, आपली खुर्ची ओळखत, बैठक दाबून बघत. पाच-सहा जण खुर्ची उचलून सरळ घरी गेले. आत्या त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. पण पाहुणे आले नव्हते. साडेपाच झाले, सहा वाजून गेले. उभं राहून कंटाळलेल्या लोकांनी आपापल्या खुर्च्या तिथेच फाटकाशी मांडल्या. दोन तोंडं समोरासमोर आली की बोलणं सुरू होतं. मंडपातले काही जणही उठून आले. कुणीतरी पाचवा सोमवार सांगायला लागलं, दुसरं म्हणालं, “पाचवा नव्हे, सहावा. पाचव्याला तू आजारी होतास.”

दादा मंडप आणि फाटक यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होता. “आत्या, पाहुणे याच फाटकातून येणार. जरा आत तरी सरकवा सगळ्यांना.”

“सरकव की. ऐकतात का बघ.”

तेवढ्यात नगरसेवक आलेच. घोळका पाहून खूष झाले. “वा! मी इथेच बसतो, लोकांत,” म्हणाले आणि समोरच्या एकमेव रिकाम्या खुर्चीवर बसले. फोटोवाला पुढे झाला. आणि फाटकातून, दुकान बंद करून, घामाघूम इस्त्रीवाल्या काकू आल्या.

काकू खुर्चीकडे बघून थबकल्या आणि सवयीनं भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. हात पुढे बांधून.

आत्या उठली. “साहेब, उठा जरा.”

दादाचा चेहरा पांढरा पडला. “आत्या…”

“ही खुर्ची त्यांची आहे. इथे खुर्ची घरून आणायची असते.”

नगरसेवक हसले, पण बाकी कुणीच हसलं नाही, तेव्हा उठले. काकू बसल्या. मंडपात दोनशे खुर्च्या होत्या, त्यांतली एक आणायला कुणीही हललं नाही, दादासुद्धा. काकूंनी नववा सोमवार सांगितला. नगरसेवकांनी तो सगळा उभ्यानं ऐकला. मग घड्याळ पाहिलं, नमस्कार केला आणि गेले. पाटीचं काही बोलले नाहीत.

दादा आत्याशी न बोलता कव्हरं काढायला लागला.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर तो बाहेर उभा होता. हातात त्याच्या घरातली खुर्ची, बैठक पार गेलेली.

“अर्ज गेला आता,” तो म्हणाला.

“पुन्हा करू. मी येते बरोबर.”

“ही ठेवून घे.”

“कार्यक्रम काल झाला की रे.”

“माहितीय. पुढच्या वर्षी गर्दी होईल तुझ्याकडे.”

आत्यानं खुर्ची उलटी केली, जुना वेत खेचून पाहिला. उंबऱ्यावर टेकली, लगेच उठली. “बादली भर गं,” मला म्हणाली. “आणि तू, अध्यक्ष, उभा काय राहतोस? आजोबांची आहे ना आत.”