उमाठेंच्या कोपराचं प्रकरण

विषय : वरिष्ठ लिपिक श्री. उमाठे यांचे उजवे कोपर जागेवरून निघाल्याबाबत.
संदर्भ : ऑफिसातला कूलर.

सरकारी ऑफिसात माणूस एकदाच पडतो, किस्से मात्र महिनाभर पडत राहतात. मी निवृत्त झालोय, पण चहाला अजून तिथेच जातो. त्यामुळे माझ्याकडे साठा बरा आहे.

*

कूलरच्या सांडलेल्या पाण्यावरून उमाठे घसरले आणि टेकवलेल्या हातावर सगळा भार आला. कोपराचं टोक मागे असं निघालं, की हात दुसऱ्याच कुणाचा वाटावा. शेजारच्या टेबलावरचे तिवारी बाह्या सारून आले. "एक झटका भैया, बस."

उमाठे कळवळत म्हणाले, "पहले एक्स-रे, तिवारीजी. बिना कागज के इस दफ्तर में कुछ आगे बढ़ा है?"

*

दवाखान्यात मीच सोबत होतो. डॉक्टरांनी आधी मनगटाची नाडी पाहिली, बोटं हलवायला लावली. मी विचारलं, "निघालं कोपर, तुम्ही मनगट काहून पाहून राहिले?"

म्हणाले, "रक्तवाहिनी अन् नसा कोपरावरूनच खाली जातात. आंधळा झटका दिला की त्या हाडात चिमटतात."

भूल देऊन कोपर बसवलं. शुद्धीवर येताच उमाठेंनी विचारलं, "कोपरानं जॉइन केलं का?"

"हव," नर्सदीदी म्हणाली.

*

डॉक्टरांनी बजावलं होतं : मालीश नको, आठवड्याने झोळी काढून हात हलवायचा, नाहीतर कोपर आखडेल. उमाठेंनी महिना झाला तरी झोळी काढली नाही. काढण्याचं लेखी कुठे होतं?

शेवटी घरच्या सत्यनारायणाला उमाठेवहिनींनी डाव्या हाती प्रसाद दिला नाही. "उजवा काढा, मंगच भेटन."

झोळी निघाली. त्या दिवसापासून जेवताना वहिनी भाजीची वाटी रोज थोडी लांब ठेवू लागल्या.

*

तोवर कोपर धरायला लागलंच होतं. डॉक्टरांनी रोजची फिजिओथेरपी सांगितली. उमाठेंनी तासभर लवकर सुटण्याचा अर्ज केला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "अभी तो हाथ चल रहा है. पूरा अकड़ने का सर्टिफिकेट लगाइए, फिर देखते हैं."

उमाठे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "अकड़ेगा तब दूँगा. रोज आओगे तो अकड़ेगा नहीं."

उमाठेंनी हे उत्तर लेखी घेऊन अर्जाला जोडलं. सध्या घास ओठांपर्यंत पोचतो, कॉलरचं बटण वहिनी लावतात. अर्ज प्रलंबित आहे.