फणसाचा पिवळा की भेंडीच्या फुलाचा

गणेशचतुर्थीच्या आधी भिंतींना रंग द्यायचा, ही आमच्याकडची रीत. रंग म्हणजे काय, शिंपल्यांच्या चुन्यात पिवडीची पिवळी भुकटी कालवायची आणि काथ्याच्या कुंचल्याने फासायची. मी गलबतावर खलाशी. पावसात गलबतं किनाऱ्यावर ओढली की मी घरी, तेव्हा हे काम माझं.

साठ सालाच्या आसपास एक खोली नवी बांधली. दोन बादल्यांत रंग कालवला. एकीत पिवडी कमी, दुसरीत मूठभर जास्त. भिंतीवर दोन पट्टे मारले. सुकल्यावर एक भेंडीच्या फुलासारखा फिकट दिसला, दुसरा पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखा गडद. हे मी आज सांगतो. तेव्हा बायकोला म्हटलं, "दोनय पिवळेच. तुका काय फरक दिसता गो?"

"तुमका नाय दिसाचो. ह्यो भेंडीचो मारा. त्या दुसऱ्यात बसलेलो माणूस काविळीचो दिसतलो."

मी फणसाचाच मारला. तिने सांगितलं म्हणून करायचं नव्हतं, एवढंच. मी तसाच होतो.

पुढच्या पावसात तिला ताप आला. त्याच खोलीत अंथरूण घातलं. खोलीला खिडकी एक, तीही लहान. तिला जेवण जाईना. चार दिवसांनी तोंड पिवळं दिसायला लागलं. त्या खोलीत माझंही तसंच दिसायचं.

"तुमच्या रंगान माका पिवळी केल्यान," ती म्हणाली. आम्ही दोघं हसलो.

आठव्या दिवशी शेजारची म्हातारी पेज घेऊन आली. तिने बायकोला धरून बाहेर अंगणात, खळ्यातल्या उजेडात आणलं, पापणी वर केली आणि माझ्यावर ओरडली, "अरे मेल्या, हिचे डोळे बघलंस काय? हळदीसारखे झालेत!"

डोलीतून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. पाच दिवसांनी गेली.

लोक म्हणाले, आधी नेली असती तरी काय सांगता येतं. खरंही असेल. पण आठ दिवस मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला भिंतच दिसत होती.

त्या वर्षी सुतकात भिंतींना रंग दिला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दोन बादल्या कालवल्या, दोन पट्टे मारले, सुकेपर्यंत समोर बसून राहिलो. फरक दिसला. दारातून दिसला, खळ्यातून दिसला.

भेंडीचाच मारला.