नाव विचारणारे मास्तर

आमचे मास्तर कुठल्याही यंत्रापुढे बसले की पहिला शब्द टाइप करायचे, 'होस्टनेम'. त्या यंत्राचं नेटवर्कातलं नाव पडद्यावर उमटलं की मान डोलवून म्हणायचे, "हां, बोला आता." दिवसातून पन्नास वेळा! दुसऱ्या खोलीतली यंत्रंही आम्ही जागेवरूनच चालवायचो, म्हणून आपण नेमके कुठल्या यंत्रावर आहोत ते आधी बघायचं, हा रिवाज. "नाव विचारल्याबगैर हुकूम सोडू नका, मियाँ," असं मला बजावायचे.

देशाची दारं परदेशी कंपन्यांना उघडली आणि आमच्या नल्लकुंटा मोहल्ल्यातल्या टायपिंग क्लासांवर आठवडाभरात कॉम्प्युटरचे बोर्ड चढले. मास्तरही असेच टाइपरायटरवरून थेट सर्व्हरवर आलेले. आमची कंपनी म्हणजे विद्यानगरातला तीन खोल्यांचा फ्लॅट. पाटीवर मात्र 'इंटरनॅशनल'! मी डिप्लोमावाला, त्यात पुण्याचा, म्हणजे शहाणपण नुसतं उतू चाललेलं. "पुण्याहून आलात ना? मग शिकायला जरा वेळ लागेल," मास्तर म्हणायचे. तरी सर्व्हरचा मुख्य पासवर्ड त्यांनी मलाच दिला होता.

माझी नोकरी कच्ची आणि लग्न ठरलेलं. सासऱ्यांची अट अशी, की आधी नोकरी पक्की, मग मुहूर्त. नेमके तेव्हाच अमेरिकन पाहुणे आमचं काम बघायला आले. मी मुख्य पासवर्ड टाकून सर्व्हरवर बसलो. मास्तरांसारखं नुसतं 'होस्टनेम' काय विचारायचं, पूर्ण नाव बघू, म्हणून पुढे आडवी रेघ आणि एफ ठोकलं. डिप्लोमाच्या यंत्रावर त्याने पूर्ण नाव दिसायचं. या यंत्राला तो नवं नाव ठेवण्याचा हुकूम वाटला. त्याने निमूटपणे स्वतःचं नावच 'रेघ एफ' ठेवून घेतलं! सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या नावावर, ते तिथल्या तिथे बंद पडलं. बाहेर पाहुणे चहा पीत होते आणि आत माझी पाचावर धारण बसली.

कंपनीचे मालक, आमचे साहेब, धावत आले. "किसने किया ये?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "मैंच किया, साब." आणि एका ओळीत जुनं नाव परत चढवलं.

बिनडिग्रीचे मास्तर साहेबांना तसेही खुपत होते. काढून टाकायला आयतं कारण मिळालं. संध्याकाळी मास्तर आपला डबा, चष्मा पिशवीत भरू लागले.

"मास्तर, मी जाऊन खरं सांगतो."

"नक्को. माझं सगळं झालं, नात शाळेत जाते; तुमचं अजून लग्न व्हायचंय. गप बसा."

मी गप्प बसलो. लाज वाटली, पण खरं सांगू? त्याहून जास्त हायसं वाटलं. सोमवारी पक्क्या नोकरीचं पत्र मिळालं. साहेबांनी पाठ थोपटली आणि मास्तरांची खुर्ची मला दिली. मी तीही घेतली.